मांडीवर आंबिलीचं मडकं

येळवशीच्या दिवशी लातूरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, असं लोक सांगतात. साफ खोटं. कुत्री दिसतात, माणसं दिसत नाहीत. मार्गशीर्षातल्या त्या वेळा अमावस्येला अख्खं गाव भज्जी-आंबिलीची मडकी घेऊन रानात जातं. ज्याचं शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याचं नाही तो मित्राच्या, साडूच्या, दुकानमालकाच्या शेतात. दुकानांना कुलपं लागतात. दिवाळीत पोरांचा पिच्छा न सोडणारे क्लासवालेसुद्धा त्या दिवशी शटर ओढून घेतात. आणि आम्ही घरात बसायचो. दार लावून, टीव्ही मोठा करून.

आम्ही मूळचे नांदेडचे. बाबांची बदली झाली म्हणून लातूरला आलो आणि एका शेतकरी कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला लागलो. मी इथल्याच कॉलेजात बी.ए. करते. आमच्या मराठीच्या सरांना एक वेड आहे. रोज एक पान लिहा म्हणतात. मोठमोठे शब्द नकोत, चंद्र नको, पाऊस नको, आज घरात काय घडलं ते लिहा. आता आमच्या घरात काय घडतं? दुधाची पिशवी फुटते, गिझर बंद पडतो, आई आणि मी रिमोटवरून भांडतो. तरी लिहिते. लिहिता लिहिता एक मात्र झालं, घरातल्या माणसांकडं नीट बघायची सवय लागली. आणि नीट बघायला लागले तसं बाबांचं येळवशीचं दुखणं माझ्या लक्षात आलं.

एरवी आमचे बाबा म्हणजे गप्पिष्ट माणूस. कचेरीतल्या शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांची टर उडवतील. पण येळवस आली की त्यांना काहीतरी होतं. एका वर्षी ताप आला, एका वर्षी पित्त झालं, एका वर्षी तर कचेरीतली फाईल घरी आणून बसले. मालकीणकाकू दरवर्षी जिना चढून शेतात या म्हणून सांगायला यायच्या आणि दरवर्षी नवा आजार ऐकून खाली जायच्या. त्या गेल्या की बाबांचा ताप अर्ध्या तासात उतरायचा. मग ते खुर्चीवर चढून पंखे पुसायचे. आई गॅसवर भज्जी, म्हणजे पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांची बेसन लावलेली मिसळभाजी, करायची आणि आम्ही ती डायनिंग टेबलवर, स्टीलच्या ताटलीत खायचो. मला मनापासून राग यायचा. सगळ्या वर्गाच्या वहीत येळवस आणि माझ्या वहीत पुसलेले पंखे.

एकदा मी तणतणले तेव्हा आईनं मला स्वयंपाकघरात ओढून नेऊन हळू आवाजात सांगितलं. कंधारजवळच्या खेड्यात बाबांच्या वाटणीचं रान होतं. नांदेडला घर बांधायला काढलं तेव्हा त्यांनी ते भावकीतल्या माणसाला विकलं. राजीखुशीनं विकलं, भांडण नाही, तंटा नाही. त्यानंतरच्या पहिल्या येळवशीला त्याच भावकीनं मोठ्या मानानं जेवायला बोलावलं. बाबा गेले. जिथं आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलं, तिथं पाव्हणा म्हणून पत्रावळीवर बसले. मग हात धुऊन आले ते परत कुणाच्या शेतात गेले नाहीत.

"ज्याला जमीन न्हाई त्याला येळवस कसली," एवढंच ते म्हणाले होते म्हणे.

आईला हे पटत नाही. ती पक्की नांदेडची, गुरुद्वाऱ्याच्या गल्लीजवळ वाढलेली. "लंगरात बसताना तुम्ही कधी इचारलं का, गहू कुणाच्या रानातला हाय म्हणून?" असं ती बाबांना थेट म्हणाली होती. बाबा म्हणाले, "ते येगळं, हे येगळं." विषय संपला. बाबांचं 'येगळं' म्हणजे कुलूप आहे, त्याला किल्ली नाही.

पण मला ते कुलूप उघडायचंच होतं. वहीसाठी नव्हे, देवाशप्पथ. बाबा बाजारात ज्वारीच्या ढिगाजवळून जाताना घ्यायची नसली तरी मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारून बघतात. एसटीत खिडकीजवळ बसले की कुणाची तूर कशी आलीय ते सांगत सुटतात. असल्या माणसानं येळवशीला पंखे पुसावेत, हे मला बघवत नव्हतं. एकदा तरी त्यांनी रानात जावं, पोटभर जेवावं, एवढंच माझं म्हणणं.

गेल्या येळवशीला काकू परत जिना चढून आल्या. बाबांनी लगेच कपाळाला हात लावून डोकेदुखीची तयारी सुरू केली.

"राहू द्या साहेब, डोकं दुखवू नका," काकू म्हणाल्या. "मी काय तुम्हाला जेवायला बोलवायला आले न्हाई. बोलवून बोलवून दमले मी. माझं काम हाय. आमचे मालक न्हाणीत घसरले, पायाला पिलास्टर हाय. पोराला पुण्याहून सुट्टी भेटली न्हाई. टमटम सांगितलाय, पण आंबिलीचं मडकं धरून बसायला माणूस न्हाई. हिसक्यानं फुटलं तर काय करू? तेवढं धरून बसा, शेतात उतरवून द्या आणि खुशाल परत या."

वा रे काकू! जेवायला नाही म्हणता येतं, कामाला कसं म्हणणार? बाबा आमच्या तोंडाकडं बघत राहिले. मी आणि आई तोवर चपला घालून मोकळ्या.

"सोडून लगेच येणार मी," बाबांनी बजावलं आणि कचेरीत जातात तसे इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट घालून खाली उतरले.

टमटमच्या मागच्या बाकावर मालककाका प्लास्टरचा पाय लांब करून बसले. त्यांना बाकीच्यांनी अंग चोरून जागा दिली. बाबांच्या मांडीवर मडकं. शहराबाहेर पडल्यावर खड्डे सुरू झाले आणि प्रत्येक खड्ड्याला मडक्यातून थोडी थोडी आंबील बाबांच्या पँटवर सांडायला लागली. आंबील म्हणजे आंबवलेलं ज्वारीचं पीठ आणि ताक. वास असा की, नाक मुरडावं आणि तोंडाला पाणीही सुटावं. बाबा मडक्याला दोन्ही हातांनी कवळून, तान्हं लेकरू घेतल्यासारखे बसले होते. मी हसू दाबत बाहेर बघत होते. आई दाबतही नव्हती, खदाखदा हसत होती.

शेतात उतरल्यावर बाबा टमटमवाल्याला म्हणाले, "चल, मला घरी सोड."

"आता? येळवस मला बी हाय की साहेब," असं म्हणून त्यानं गाडी वळवली आणि गेला सुद्धा. बाबा रस्त्यावर उभे. दुसरं वाहन मिळायची आशाच नव्हती. शेवटी ते बांधावर रुमाल पसरून बसले, आमच्यापासून लांब, बूट-मोज्यांसकट, परक्याच्या लग्नाच्या कार्यालयात चुकून शिरलेल्या माणसासारखे.

कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. काकूंनी आणि आईनं पूजा केली, नैवेद्य दाखवला. मग शेताभोवती आंबील शिंपडत फिरायचं असतं आणि मोठ्यानं ओरडायचं असतं, "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" त्याचा अर्थ कुणालाच नीट सांगता येत नाही. कानडीतून आलंय म्हणतात. पण ओरडल्याशिवाय येळवस होत नाही. दरवर्षी मालककाका फिरायचे. आता ते खुर्चीत, पाय स्टुलावर.

"मी जाते की," मी म्हणाले.

"जा. पोरीला काय दोन पाय नसतेत का?" काकूंनी माझ्या हातात तांब्या दिला.

मी निघाले खरी, पण लाजेनं माझा आवाजच फुटेना. वर्गात हजेरी देतात तसं मी पुटपुटले, "ओलगे ओलगे..." आणि चार थेंब टाकले.

"अगं ए, मयतीला चाललीस का?" बांधावरून बाबा ओरडले. "मोठ्यानं म्हण!"

मी जरा मोठ्यानं म्हणाले.

"शिंपडायलीस का वास दाखवायलीस ज्वारीला? हात मोकळा सोड. आणि तिकडून कुठं निघालीस? उजवी फेरी घाल, उजवी!"

एक तर भर उन्हात मी काकांच्या वाट्याचं काम करतेय आणि वरून हे बसल्या जागेवरून शिकवणार! माझं डोकंच फिरलं. मी तांब्या धाडकन बांधावर ठेवला. "एवढं येतंय तर तुम्हीच या ना मग! बसून काय हुकूम सोडायलात?"

आई घाबरली. बाबांनी वाकून एका बुटाची नाडी सोडली. दुसऱ्याची सोडली. मोजे काढून बुटात कोंबले, पँट पोटरीपर्यंत दुमडली आणि मातीत पाय ठेवला. तांब्या उचलून मला नुसतं म्हणाले, "बाजूला हो."

आणि मग त्यांनी जो आवाज काढला ना! "ओलगे ओलगे ऽऽ, सालम पोलगे ऽऽ!" मी माझ्या बापाला घरात, कचेरीत, लग्नात, भांडणात ऐकलंय. हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. शेजारच्या रानातून कुणीतरी तसंच ओरडून साद दिली. बाबा धावतच होते. ज्वारी डोक्याएवढी झालेली, थोड्या वेळात ते दिसेनासे झाले. नुसता आवाज शेताच्या कडेकडेनं लांब जात होता. आईनं पदर तोंडावर धरला होता.

पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन आवाज थांबला. आम्ही वाट बघितली. आवाज नाही. आईचा चेहरा उतरला. मला तर नको नको ते सुचायला लागलं. उगीच डिवचलं का मी त्यांना? तिथं एकटेच बसले असतील तर? मी निघाले तसं काकांनी हात आडवा केला.

"थांब पोरी. येतेत ते."

बराच वेळ गेला. मग एकदम पुन्हा, "ओलगे ओलगे ऽऽ!" थोडा घोगरा, पण तसाच दणदणीत. दुसऱ्या बाजूनं बाबा बाहेर आले. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले, काखेत हरभऱ्याचे डहाळे, आणि तोंडात घाटे.

"मालक, त्या कोपऱ्यात पाटाचं पाणी फुटलंय," आल्या आल्या ते काकांवर डाफरले. "हरभरा पिवळा पडायलाय तिथला. माती लावून आलोय मी, पण ते काय टिकायचं न्हाई. उद्याच्याला दगड टाकावे लागतेत. ध्यान कुठं असतं तुमचं?"

"पाय मोडलाय माझा," काका म्हणाले.

"मग सांगायचं ना मला! मी काय वर नुसता पंखेच पुसत बसतो?"

हे ऐकून मला हसावं का रडावं कळेना. मी हसले. खूप दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

जेवणं सुरू झाली. बाजरीचे उकडलेले उंडे, भज्जी, गव्हाची खीर, आणि थंडगार आंबील. डायनिंग टेबलावरची भज्जी आणि ही भज्जी एकच पदार्थ आहे हे मी मानायला तयार नाही. बाबा अजून बसले नव्हते. उभ्यानंच सगळ्यांना वाढत होते, काकूंच्या हातातलं वगराळं त्यांनी कधी काढून घेतलं कुणास ठाऊक.

तेवढ्यात रस्त्यावरून एक मोटारसायकल चालली होती. नवरा-बायको, मध्ये लहान पोरगी. बॅगा बांधलेल्या, म्हणजे लांबचे कुणीतरी. येळवशीला रस्त्यानं जाणाऱ्याला उपाशी जाऊ द्यायचं नसतं, ही इकडची रीतच आहे. पण काकूंच्या आधी बाबाच बांधावर चढले आणि हात उंच करून ओरडले, "ओ पाव्हणं! थांबा की! जेवून जा!"

गाडी थांबली. त्या माणसानं जरा संकोचानं आमच्या घोळक्याकडं बघितलं. ओळख ना पाळख. त्यानं हेल्मेट काढलं आणि सहज, अगदी सहज विचारलं, "शेत तुमचंच का हो?"

बाबांचा हात तसाच वर राहिला. माझा घास हातातच होता. मला वाटलं, संपलं. आता हे बूट घालतील आणि चालत लातूर गाठतील.

मागून खुर्चीतून काका खेकसले. तोंडात उंडा होता, तरी स्वच्छ ऐकू आलं.

"साहेब, पाव्हणं काय इचारायलेत? मालक माणसानं असं तोंड मिटून उभं ऱ्हायचं असतं होय?"

बाबांनी वळून त्यांच्याकडं बघितलं. काका खाली मान घालून भज्जी कालवत होते. मग बाबा रस्त्याकडं वळले.

"हाव," ते म्हणाले. "आपलंच हाय. या, उतरा. लेकराला आधी सावलीत आणा."