दोनदा वाढलेला मसालेभात

लंडनमधली नोकरी गेल्यावर बेकारभत्त्यासाठी दर पंधरवड्याला तिथल्या रोजगार कार्यालयात सही करायला जायचो. काउंटरवरच्या बाई मराठी, पण बोलायच्या इंग्रजीतच. प्रश्न विचारण्याआधी पेनाचं टोपण काढायच्या, उत्तर लिहून झालं की टक्कन लावायच्या.

गणपतीत मंडळाच्या पंगतीला मी वाढत होतो, त्या जेवायला बसल्या होत्या. माझ्याकडून मसालेभात दोनदा मागून घेतला.

पुढच्या सहीला टोपण निघालं. “एनी वर्क, पेड ऑर अनपेड?”

वाढणं हे काम असतं, हे माझ्या डोक्यातही नव्हतं. “नो,” म्हणालो.

“पंगतीत वाढत होतात ना?” काउंटरवर पहिल्यांदाच मराठीत बोलल्या आणि लिहू लागल्या. चौकशी होईपर्यंत भत्ता बंद.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “कुणाला वाढलं, तेही लिहा.”

त्यांनी ते न लिहिताच टोपण लावलं.