शांतम्माची बेखमीर भाकर

शांतम्मा आमच्या मंडळीची सभासद नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमचे सेक्रेटरी व्यंकटीराव ते कुणालाही, कधीही, न विचारता सांगतात. चर्चला नवा पाळक आला की त्याचं सामान टेम्पोतून उतरायच्या आत ही बातमी त्याच्या कानावर घातलेली असते.

आमचं गाव देवणी तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेला चिकटून. इथली अर्धी भांडणं मराठीत होतात आणि अर्धी कानडीत. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, म्हणून अख्खं गाव मला सिस्टर म्हणतं, एकटी शांतम्मा अक्का म्हणते. मी या मंडळीची जन्मापासून सभासद. त्यात माझी कर्तबगारी एवढीच, की बाप्तिस्म्याच्या वेळी मी मोठ्यानं रडले होते. पुण्याला राहणारे आणि नाताळला केक खाऊन परत जाणारे आमचे नातलग सभासद आहेत. व्यंकटीरावांचे थोरले चिरंजीवही सभासद आहेत. चर्चचं दार आत उघडतं की बाहेर, हे त्यांना एकदा विचारून बघा.

शांतम्माचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला होता. मग तिनं विरूपाक्षाशी लग्न केलं. विरूपाक्ष लिंगायत, बाजारात शिलाई मशीन घेऊन बसायचा, गळ्यात इष्टलिंग, स्वभावानं इतका गरीब की गिऱ्हाईक ओरडलं तर हाच माफी मागायचा. पण त्या वेळच्या पाळकांनी भर उपासनेत जाहीर केलं, की शांतम्मा आजपासून मंडळीबाहेर. तिनं सगळ्यांसमोर उभं राहून हे लग्न पाप होतं असं कबूल केलं, तरच परत आत. तोवर उपासनेला बसायला हरकत नाही, पण प्रभुभोजन, म्हणजे मेजावरची भाकर आणि द्राक्षरस, मिळणार नाही.

ती पुढच्याच रविवारी आली. त्याच्या पुढच्या रविवारीही आली. विरूपाक्ष तिला सायकलवरून फाटकापर्यंत सोडायचा आणि समोर रियाजभाईच्या बेकरीत चहा पीत बसायचा. उपासना सुटली की घेऊन जायचा. सायकल जाऊन जुनी लुना आली, त्याचे केस पिकले, पाळक सहा झाले की सात, पण तो बेकरीच्या बाकावर ठरलेलाच.

एकदा त्यानंच तिला सांगितलं होतं, "जा, म्हण की चुकले. मला काय वाटायचं न्हाई. मला ठाव आसंल की तू खोटं बोलतीस."

यावर ही म्हणाली, "देवाच्या घरात खोटं बोलू व्हय?"

आता खरी गंमत ऐका. गंमत म्हणते, पण माझं डोकं आजही फिरतं. प्रभुभोजनाची भाकर आमच्याकडे बेखमीर, म्हणजे पीठ न आंबवता केलेली, लागते. गव्हाचं पीठ, पाणी, चिमटीभर मीठ, आणि मंद आचेवर भाजलेली जाड भाकर. पाळकाच्या मेजावर जाऊन तुटली पाहिजे, पण तिचा भुगा व्हायला नको. एका पाळकीणबाईंना ती कधी जमली नाही. एकदा तर पाळकसाहेबांना ती मेजाच्या कडेवर आपटावी लागली. तेव्हा त्यांनी गुपचूप शांतम्माला करायला सांगितली. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मेजावर शांतम्माच्याच हातची भाकर. व्यंकटीरावांना ठाऊक होतं. चर्चच्या पंचांना ठाऊक होतं. कुणाच्या घशात ती अडकली नाही. म्हणजे आमच्या मंडळीत हातांना सभासदत्व लागत नाही, फक्त तोंडाला लागतं. आम्ही मेजापुढच्या कठड्याशी गुडघे टेकून ती खायचो, आणि जिनं केली ती जागेवर बसून आमच्याकडे बघायची.

या वर्षी संक्रांतीनंतर विरूपाक्ष गेला. त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्याला बसवून पुरलं. महिना झाला नसेल, व्यंकटीराव शांतम्माच्या घरी भेटायला आले. मीही तिथंच होते. चहा झाला, दोन सुस्कारे झाले, आणि मग त्यांनी घसा साफ केला.

"शांतम्मा, आता तुझा मार्ग मोकळा झाला बघ. अडचण हुती ती गेली. येत्या प्रभुभोजनाला उभी ऱ्हा, चुकले म्हण, अन् परत मंडळीत ये."

मला वाटलं, कप त्यांच्या अंगावर फेकावा. "अडचण गेली म्हणजे काय हो? बाईचा नवरा गेलाय!"

"सिस्टर, मी तिच्या भल्याचंच बोलाय लागलोय."

शांतम्मा मात्र शांतपणे म्हणाली, "उभी ऱ्हाते."

ते गेल्यावर मी तिला फैलावर घेतलं. इतकी वर्षं मान ताठ ठेवलीस, आणि आता त्या भल्या माणसाला मातीत घालून वर पापीही म्हणणार का? ती भांडी आवरत राहिली. मग माझ्याकडे न बघताच बोलली.

"अक्का, मला ती भाकर खायची हाय. जित्तेपणी. मी घरी कधी तिचा कपटा तोंडात घातला न्हाई. म्हणलं, खाईन तर सगळ्यांसंगट खाईन."

माझ्या तोंडात शिव्या होत्या, पण त्या तिच्यासाठी नव्हत्या.

तो रविवार उजाडला. चर्च भरलं होतं. माणूस पडताना बघायला आमचे लोक वेळेवर येतात. आमचा पाळक सोमेश, तिशीतला पोरगा, नुकताच शिकून आलेला, पांढऱ्या झग्यात घामाघूम झाला होता. मेजावर प्याला, आणि ताटात जाळीच्या रुमालाखाली शांतम्माची भाकर. व्यंकटीरावांनी उठून सांगितलं, की एक हरवलेली बहीण आज परत येत आहे. हरवलेली! दर रविवारी डोळ्यासमोर बसलेली बाई यांना हरवलेली वाटत होती.

शांतम्मा पुढे गेली. पदर डोक्यावर घेतला आणि मंडळीकडे तोंड केलं.

"मी विरूपाक्षाबरोबर संसार केला," ती म्हणाली. "त्यानं मला दर रविवारी फाटकापत्तुर सोडलं. चर्चला जाऊ नको असं एकदा बी म्हणला न्हाई. मला टायफाइड झाला तवा माझं मशेरीपासून न्हाणंधुणं त्यानं केलं. हे पाप आसंल तर मला माफी नको. अन् पाप नसंल, तर मला भाकर द्या."

सोमेशनं भाकरीकडे पाहिलं, मग व्यंकटीरावांकडे. तिथंच त्यानं माती खाल्ली. ज्यानं झगा घातलाय त्यानं बघायचं कुणाकडे, एवढं तरी यांना शिकवतात की नाही कोण जाणे.

व्यंकटीराव ताडकन उठले. "हा पश्चात्ताप न्हाई! हा अपमान हाय मंडळीचा! आसल्या बाईच्या हातची भाकर प्रभूच्या मेजावर ऱ्हानार न्हाई." आणि रुमालासकट ताट उचलून त्यांनी तिच्या हातात कोंबलं.

एवढं करून ते वळले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मेजावर आता नुसता प्याला आहे.

"काका, आता?" सोमेश हळूच म्हणाला.

दुसरा कुणी असता तर तिथंच खाली बसला असता. पण आमचे सेक्रेटरी चपला घालून तरातरा बाहेर गेले, रस्ता ओलांडला आणि रियाजभाईच्या बेकरीतून पावाची लादी घेऊन आले. ती कागदासकट मेजावर ठेवली. गरम होती, खमिराचा वास पुढच्या बाकांपर्यंत आला.

मला बसवेना. मी उभी राहिले. "पाळकसाहेब, एक शंका आहे. रियाजभाईंचा बाप्तिस्मा कधी झाला?"

दोघंतिघं फिस्सकन हसले.

"सिस्टर, खाली बसा! उपासना चालू हाय," व्यंकटीराव ओरडले.

"उपासना तुम्ही बेकरीत नेऊन ठेवली. रियाजभाई भला माणूस आहे, त्याच्या पावाला मी नाव ठेवत नाही. पण जन्मभर आम्हाला खमीर चालेना, म्हणून त्या बाईनं चुलीपुढं बसून बेखमीर भाकर केली. आज खमीर चालतं, बिनबाप्तिस्म्याचे हात चालतात, सगळं चालतं. फक्त शांतम्मा चालत नाही. मग ही मंडळी आहे कुणाची?"

शांतम्मानं ताट पदराखाली घेतलं. जाता जाता माझ्या दंडाला हात लावला. "नको अक्का. भांडू नको. जेवू दे त्यास्नी." आणि ती दारातून बाहेर गेली.

सोमेशनं पावावर प्रार्थना म्हटली. माणसं कठड्याकडे निघाली. सगळी नाही, पण निघाली. मी बायबल काखेत मारलं आणि उलट्या दिशेला चालू लागले. माझ्यामागं काठीची टकटक ऐकू आली. वळून बघते तर बसम्मा, खुद्द व्यंकटीरावांची बायको. गुडघ्यांनी जर्जर झालेली, एरवी नवऱ्यापुढं ब्र न काढणारी. "अगं ए, कुठं चाललीस?" असं आतून ऐकू आलं. ती थांबली नाही. तिच्यामागून आणखी पाचसात बाया निघाल्या.

शांतम्मा बाहेर पायरीवर बसली होती, मांडीवर ताट. आम्हाला बघून गडबडली. "आवं, ही आशीर्वादाची न्हाई बायानू. नुसती भाकर हाय."

"आसू दे," बसम्मा काठी टेकत खाली बसली. "दे हिकडं."

शांतम्मानं भाकर मोडली. आम्ही पायरीवर, ओट्यावर, जागा मिळेल तिथं बसून खाल्ली. मी ती भाकर शंभरदा तरी खाल्ली असेल. कठड्याशी मिळणाऱ्या नखाएवढ्या तुकड्याला चव असते हे मला कधी कळलं नव्हतं. मीठ अगदी बेताचं होतं. शांतम्मा सगळ्यांना देत होती आणि स्वतः खात नव्हती. ताटात शेवटचा एक तुकडा उरला, त्याकडे ती नुसती बघत बसली.

आतलं शेवटचं गीत संपलं. लोक बाहेर यायला लागले आणि आम्हाला बघून बाजूनं जायला लागले. व्यंकटीराव बायकोकडे न बघता फाटकाबाहेर पडले. सगळ्यांच्या शेवटी सोमेश आला. झगा अजून अंगातच होता. तो पायरी उतरून शांतम्मासमोर आला. मग त्यानं दोन्ही हात एकावर एक ठेवून पुढे केले, कठड्याशी आम्ही करतो तसे.

मी तिच्या जागी असते, तर आधी त्याला उन्हात उभं केलं असतं. आत तोंड का उघडलं नाहीस, हे सगळ्या बायांसमोर त्याच्याकडून कबूल करून घेतलं असतं, दोनदा, मोठ्या आवाजात. आणि मग विचार केला असता.

शांतम्मानं त्याला काही विचारलं नाही. शेवटचा तुकडा तिनं मधोमध मोडला, अर्धा त्याच्या हातावर ठेवला आणि अर्धा आपल्या तोंडात घातला.