पाद्र्यांच्या घरची मावशी

मावशीने तीन पाद्री पाहिले. तिघेही दूरदेशाहून आलेले, तिघांनाही बोलायला तिनेच शिकवलेलं. तिसरं कुटुंब आलं तेव्हा मिशनच्या फाटकातून आत येणाऱ्या पेट्या मोजताना तिच्या मनात आलं, की आता पुन्हा ‘हे मीठ, ही साखर’पासून सुरुवात. आणि ती तिथेच पायरीवर बसली.

ती या घरात आली एकतिसाव्या वर्षी. नवरा गवंडी होता, परांचीवरून पडून गेला. पदरी एक मुलगी. पहिल्या पाद्र्यांच्या बाईंना स्वयंपाकाला माणूस हवं होतं आणि मागच्या अंगणातली खोली रिकामी होती. महिनाभर म्हणून आलेली मावशी सव्वीस वर्षं राहिली. मुलगी त्याच खोलीत वाढली, लग्न होऊन लांब गेली, तिला मुलं झाली. मावशी मात्र पाद्र्यांच्या घरची मावशीच राहिली. गावातल्या पोस्टमनपासून भाजीवालीपर्यंत कुणाला तिची दुसरी ओळख नव्हती.

पहिले पाद्री आवाजाने दणदणीत. पहिल्याच उपदेशात त्यांनी मुठी आवळून सांगितलं, “देव तुम्हाला सगळ्यांना चावतो!” त्यांना म्हणायचं होतं वाचवतो. मंडळीतलं कुणी हसलं नाही, पाहुण्याला कसं हसायचं? पण पुढच्या रविवारी लहान मुलं आईच्या मागे लपून बसली. मग मावशीने त्यांना रोज सकाळी ओट्याजवळ उभं करून शब्द घोटून घेतले. त्या बदल्यात त्यांच्या बाईंनी तिला वाचायला शिकवलं. अकरा वर्षांनी ते गेले. दुसरे पाद्री तरुण, पंप आणि मोटारी दुरुस्त करण्यात हुशार. आठ वर्षांत त्यांच्या उपदेशाला आली त्याच्या चौपट माणसं बंद पडलेला पंप घेऊन आली. तेही गेले. प्रत्येक वेळी फाटकाशी रडारड, फोटो, पत्ते लिहून देणं. दोन वर्षं पत्रं यायची, मग वर्षातून एक, मग काही नाही. मावशी कुणाला नावं ठेवत नसे. नदीवरच्या नावाड्याला उतारू लक्षात ठेवतात का, म्हणायची.

तिसरं कुटुंब चौघांचं. पाद्री, बाई, सात वर्षांची थोरली आणि कडेवरची धाकटी. पाद्री उंच, बारीक, हळू बोलणारे. आठवड्यातले चार दिवस ते मोटारसायकलवर डोंगरातल्या वस्त्यांवर असत आणि परत येत तेव्हा भुवयांपर्यंत धुळीने माखलेले. सहा वर्षांत त्या वस्त्यांवर अकरा माणसांनी बाप्तिस्मा घेतला, त्यातली चार कामाच्या शोधात दुसरीकडे निघून गेली. ते कुरकुर करत नसत. फक्त जेवताना घास हातात धरून थांबून राहत आणि धाकटी त्यांना कोपर मारून जागं करी.

घर खरं चालत होतं ते बाईंवर. पहाटे पाणी भरायचं, कारण नळाला तासभरच धार. मग मुलींची शाळा, तीही घरातच, जेवणाच्या टेबलावर. गणित चालू असतानाच दार वाजायचं. कुणाच्या मुलाला ताप, कुणाला अर्ज लिहून हवा, कुणाला नुसतं बसायचं असे. बाईंनी कुणाला परत पाठवलं नाही. बोलायला त्या जिद्दीने शिकल्या. पहिल्या वर्षी त्यांनी भाजीवालीला सांगितलं होतं, की माझा ससा फार आजारी आहे. भाजीवालीने हळहळून मुळ्याचा पाला फुकट दिला. घरी आल्यावर उलगडा झाला, की आजारी होत्या त्या सासूबाई. त्या दिवशी मावशी आणि बाई ओट्याला धरून हसल्या होत्या. तसं हसणं पुढे कमी कमी होत गेलं.

दर तीन महिन्यांनी त्यांच्या देशातल्या चर्चच्या मंडळीला अहवाल जायचा. तिथली माणसं यांच्यासाठी प्रार्थना करत आणि त्यांना चांगल्या बातम्या हव्या असत. अहवालासोबत फोटो लागे. फाटकाजवळ चौघांनी उभं राहून हसायचं आणि मावशीने बटण दाबायचं. तिला दिसायचं, की बटण दाबेपर्यंत बाईंचा चेहरा टिकतो आणि लगेच उतरतो, वाळत घातलेला कपडा चिमट्यातून निसटावा तसा.

सहाव्या वर्षी बाईंचे वडील गेले. फोन आला तो तुटक, निम्मे शब्द ऐकू येत नव्हते. जायला दोन दिवसांचा प्रवास, तिकडे दफन दुसऱ्याच दिवशी, आणि धाकटीला गोवर. बाई गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गुरुवार होता. त्यांनी केस विंचरले आणि बायकांच्या बैठकीत चहा वाटला. कुणाला काही सांगितलं नाही.

ही गुरुवारची बैठक बाईंनीच सुरू केलेली. गावात वीज असली तरी गावाबाहेरच्या शिवणाच्या कारखान्यात गुरुवारी दुपारनंतर ती नसे, म्हणून तिथल्या बायकांना अर्धी सुट्टी मिळायची. आठ-नऊ जणी चालत मिशनच्या खोलीत येत. बाई वहीतून शास्त्रातला भाग समजावून सांगत, एक गाणं होई, प्रार्थना होई. बायका माना डोलवत. पुष्कळशा चहासाठी आणि पंख्यासाठी येत हे मावशीला माहीत होतं, बाईंनाही माहीत असावं.

त्यानंतर महिन्याभराने एका गुरुवारी सकाळी मावशी न्हाणीघराकडे गेली तर बाई टबाजवळ बसलेल्या. हातात ओली चादर. पाणी ठिबकून पायाखाली डबकं झालेलं. किती वेळ बसल्या होत्या कोण जाणे. मावशीने चादर काढून घेतली, तरी हात तसेच पुढे धरलेले राहिले.

“मावशी,” त्या म्हणाल्या, “मला आज कुणालाच ‘बरं आहे ना’ असं विचारायचं नाहीये.”

“नका विचारू,” मावशी म्हणाली. तिने त्यांना कोरडे कपडे दिले, खोलीत नेऊन झोपवलं आणि पडदा ओढला. थोरली, आता तेरा वर्षांची, दारात उभी होती. मावशीने तिला धाकटीचा पाढा घ्यायला सांगितलं. पोरीने एक शब्द न काढता वही उघडली. मावशीला ते जास्त लागलं. एवढ्या वयाची पोर चिडायला हवी होती.

पाद्री डोंगरात होते. दुपारी बायका आल्या. मावशी फाटकापर्यंत गेली ती त्यांना परत पाठवायलाच. पण त्या दोन मैल उन्हातून चालत आलेल्या, काहींचे पाय सुजून चपलेबाहेर आलेले. तिला काही तसं म्हणवेना. तिने आधण ठेवलं.

“आज वाचायचं नाही का?” काजं करणारीने विचारलं. कारखान्यात शर्टांना काजं करायचं काम तिच्याकडे, म्हणून सगळ्या तिला काजवालीच म्हणत.

“आज बाई थकल्यात. तुम्हीही थकलाय आणि मी तर जन्माचीच थकले आहे. बसा गप.”

बसल्या. मावशीने कप भरून पुढे सरकवले. मग काजवालीने आपणहून सांगितलं, की मुकादमाने संडासाला कुलूप लावलंय, दिवसातून दोनदाच उघडतो, आणि तिच्या पोटात आठवडाभर कळा येताहेत. दुसरीने विचारलं, मग डॉक्टरला का नाही दाखवत? तिसरी म्हणाली, माझंही तेच. एकेक करत सगळ्या बोलल्या. मावशीने उपदेश केला नाही, तिला येतही नव्हता. फक्त शेवटी बाई सांगायच्या त्यातली एका आजारी बाईची गोष्ट तिने आपल्या भाषेत सांगितली, जशी शेजारणीची हकिकत सांगावी तशी. मग जी प्रार्थना पंचवीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकली होती ती म्हटली. मधल्या दोन ओळी विसरली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

बाई उठल्या नाहीत. पुढच्या गुरुवारीही नाहीत. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की अंगात रोग नाही, मन दमलंय, विश्रांती हवी. पाद्री घरी राहू लागले, पण स्वयंपाकघरात ते नुसते अडगळीसारखे उभे असत. मावशीवर घर, मुली, बाई आणि गुरुवार असं सगळं एकदम आलं. गुडघे तर बोलायलाच नको. रोज संध्याकाळी ती खोलीत जाऊन भिंतीला पाय लावून पडायची आणि स्वतःशीच म्हणायची, उद्या सांगून टाकते, होत नाही माझ्याच्याने. सकाळ झाली की आधण ठेवायची.

गुरुवारी मात्र बायका वाढत गेल्या. नवाच्या चौदा झाल्या, चौदाच्या तेवीस. त्यातल्या सहा जणी मिळून मुकादमाच्या वरच्या साहेबाकडे गेल्या आणि संडासाचं कुलूप निघालं. ही बातमी गावभर झाली तेव्हा पाद्र्यांच्या कानावर आली, आणि ते स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले.

त्यांना राग आला नव्हता, पण पेचात पडले होते. बैठक मिशनची, आणि चालवते कोण, तर जिने बाप्तिस्माच घेतलेला नाही. वरच्या लोकांना काय लिहायचं? त्यांनी ते आडून आडून सांगितलं. मावशी कांदा चिरत ऐकत राहिली. शेवटी त्यांनी सरळच विचारलं.

“मावशी, इतकी वर्षं तुम्ही हे सगळं ऐकताय. बाप्तिस्मा का घेतला नाही?”

तिने सुरी खाली ठेवली. “पहिल्या साहेबांनी विचारलं तेव्हा नवरा नुकता गेला होता. दुःखात माणूस कशालाही हो म्हणतं, म्हणून नाही म्हटलं. दुसऱ्यांनी विचारलं तेव्हा लोक म्हणाले असते, खोलीसाठी घेतला. आता तुम्ही विचारताय, तर गुडघ्यांमुळे पाण्यात उतरवत नाही.”

पाद्री हसले. खूप दिवसांनी. मग स्टुलावर बसले आणि हसणं ओसरलं तसे तोंडावर हात ठेवून बसून राहिले. कांद्याने डोळे झोंबत होतेच, त्यामुळे कुणाचं काय ते कळायला मार्ग नव्हता.

“अहवाल पाठवायचाय,” ते म्हणाले. “काय लिहू?”

“बाई आजारी आहेत, तुम्ही थकलाय, तेवढं लिहा. बाकीचं लिहाल तर पुन्हा हसून फोटो काढावा लागेल.”

त्यांनी तसंच लिहिलं. त्या वेळी फोटो गेला नाही.

सातव्या गुरुवारी बैठक चालू असताना दार लोटून बाई आल्या. केस न विंचरलेले, अंगावर शाल. दाराजवळच्या बाकावर टेकल्या. कुणी उठून उभं राहिलं नाही, मावशीने डोळ्यांनीच तशी ताकीद दिली होती. धागे कापायच्या कामावरची म्हातारी आपल्या भावाबद्दल सांगत होती. भाऊ परगावी वारला, हिला कळवलंच नाही कुणी. ती थांबली तेव्हा बाई बोलल्या. एकही शब्द चुकला नाही.

“माझे वडील वारले. मी गेले नाही.”

म्हातारीने सरकून जागा केली आणि त्यांचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. बाई रडल्या. मग बराच वेळ रडल्या. काजवाली हळूच मावशीला म्हणाली, की आम्हाला वाटायचं, या बाईंना दुःखच नाही, नेहमी हसऱ्या, म्हणून आम्ही आपलं काही सांगत नव्हतो. मावशीला एकदम सहा वर्षांच्या चहाच्या कपबशा आठवल्या, ज्या दोन्ही बाजूंनी हसत हसत हातात दिल्या-घेतल्या गेल्या होत्या.

अहवालाचं उत्तर आलं. त्या मंडळींनी रागावून नव्हे, काळजीने लिहिलं होतं, की कुटुंबाने घरी यावं, वर्षभर विसावा घ्यावा. पाद्र्यांना ते पराभवासारखं वाटलं, दोन दिवस ते मागच्या अंगणात येरझाऱ्या घालत होते. धाकटीला ‘घरी’ म्हणजे कुठे हेच समजेना. तिचं घर तर हेच होतं. थोरली शेवटी एकदाची चिडली. दार आपटून मावशीच्या खोलीत जाऊन बसली, आणि मावशीला बरं वाटलं. बाई आता चालत होत्या, जेवत होत्या, पण पेट्या भरताना मधेच दमून बसायच्या, तेव्हा मावशीच भरायची.

ते गेले. वर्षाने बाईंचं पत्र आलं, मावशीला वाचता यावं म्हणून सुट्या, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. त्या एका वाचनालयात काम करतात. पाद्री शाळेत शिकवतात, सुरुवातीला उदास होते, आता बरे आहेत. झोप लागते. परत यायचं म्हटलं की ती पुन्हा उडते, म्हणून येणार नाही, माफ करा. सोबत पाकळ्या दाबलेलं एक फूल होतं, वाटेत चुरा झालेलं. मावशीने पत्र दोनदा वाचलं. माफ करण्यासारखं तिला त्यात काही सापडलं नाही. नवं कुटुंब पाठवायला सध्या कुणी नाही, असं मिशनचं वेगळं पत्र होतं. घराला कुलूप राहील, बैठकीची खोली आणि मावशीची खोली तेवढी उघडी.

गुरुवारी तिने हे बायकांना सांगितलं. त्या थोडा वेळ बाईंबद्दल बोलल्या, सशाची गोष्ट नव्या बायकांना पुन्हा सांगितली गेली. मावशीचे गुडघे त्या दिवशी फारच धरले होते, तिला बाकावरून उठवेना. काजवालीने न विचारता चहा केला. साखर जास्त पडली. मावशीने सगळा कप संपवला आणि पुढच्या बाईला म्हणाली, “हं, तुझं सांग.”