गावंडे साहेबांची विहीर

गावंडे साहेब गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अमरावतीच्या आमच्या शाळेत माठाशी उभी होते. त्यांचा थोरला अकोल्याहून आला होता. "बाबा गेले, बाई," एवढंच म्हणाला आणि... गडू माझ्या हातातच राहिला. महिना झाला आता. या माणसाशी मी जितकी भांडले तितकी नवऱ्याशीही भांडले नसेन, म्हणून त्यांच्यावर मलाच लिहायला हवं.

ते अकोल्याच्या नगरपालिकेत सफाईचे इन्स्पेक्टर होते. छप्पन साली आपण नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेलो त्या सुमारास गावाबाहेरचा कचऱ्याचा जुना खड्डा त्यांनी बुजवला आणि पालिकेनं त्याला लागून प्लॉट पाडून आम्हा मास्तर-कारकुनांना दिले. वीस-बावीस घरं आणि सगळ्यांत मिळून एक विहीर. खड्ड्यावर साहेबांनी शेजारच्या शेतातली काळी माती टाकली होती. आम्हा वऱ्हाडी माणसांना काळ्या मातीचा भारी अभिमान. इतकी कपाशी देणारी माती, ती काय कचरा झाकणार नाही? पण हीच माती उन्हाळ्यात हात आत जाईल एवढी भेगाळते, हे वऱ्हाडातल्याच माणसानं विसरावं, आता काय म्हणायचं... पहिल्याच उन्हाळ्यात भेगांतून घाण वास वर आला आणि पावसाळा लागताच पाणी त्याच भेगांतून खाली गेलं, ते कचरा धुऊन थेट आमच्या विहिरीत. पोरं एकामागून एक आजारी पडली. माझी सुमी तीन आठवडे तापात होती.

पालिका आधी म्हणाली, विहिरीत पावडर टाका. मग म्हणाली, विहीर बुजवतो, तुम्ही घरं दुसरीकडे बांधा. ज्या घराच्या भिंतींत माझ्या पाटल्या गेल्या ते सोडून मी जाऊ कुठं? बायकांना घेऊन कचेरीत गेले, भरलेली कळशी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, घ्या वास. मला वाटलं हा माणूस चिडेल, शिपायाला बोलावेल. त्यांनी टोपी काढली, कळशीवर वाकले आणि बराच वेळ वास घेत राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मुरूम टाकाले पायजे होता. मी काळी टाकली. चूक माहीच हाय, बाई." पदर खोचून भांडायला गेलेल्या बाईची याहून फजिती ती काय व्हायची?

हेच त्यांनी लेखी दिलं. वरच्यांनी परोपरीनं समजावलं की पावसाला दोष द्या, स्वतःच्या हातानं बढती कशाला घालवता. हे ऐकतील तर ना. बढती गेलीच, पण खड्डा उपसायची परवानगी मिळाली. दोन उन्हाळे ते काम चाललं. सफाईची माणसं आत उतरायला कचरली तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आधी साहेब उतरले. कुजून माती झालेलं मोठमोठ्या चाळण्यांतून चाळलं आणि ते खत बार्शीटाकळीकडचे शेतकरी बैलबंड्या भरभरून घेऊन गेले. काचा, पत्रे, दवाखान्याच्या बाटल्या वेगळ्या काढून दूरच्या एका पडीक खदानीत मुरुमाखाली गाडल्या. बंडी भरण्याआधी साहेब चाळलेल्या ढिगातून पुन्हा हात फिरवत. बैलाच्या खुरात काच गेली तर तो बिचारा कोणाले सांगेल, म्हणत. त्यांची बोटं कायम चिंध्यांनी बांधलेली. मी ओरडायची, हळद लावायची आणि पुन्हा ओरडायची.

मग विहीर तीनदा उपसली, गाळ काढला. नागपूरला तपासायला धाडलेल्या पाण्याचा कागदही चांगला आला. पण कागदाला काय चाटायचं? एकही बाई घागर घेऊन जाईना, मी धरून. तर एका सकाळी साहेब रजा टाकून आले. दोर सोडून पाणी काढलं, वास घेतला आणि तांब्याभर प्याले. बरं, पिऊन घरी जावं की नाही? विहिरीच्या काठावर, सगळ्या घरांतून दिसतील असे, संध्याकाळपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. त्यांच्या बायकोचा, आमच्या वहिनींचा, डबा तिथंच यायचा. आठव्या दिवशी मला राहवेना. जाऊन विचारलं, असे काहून बसून राहिले तुम्ही?

"मले काही झालं तर तुमाले दिसलं पायजे ना," ते म्हणाले.

मी घरात गेले, घागर आणली आणि पहिली भरली. त्या दिवशी सुमी तेच पाणी प्याली. वस्ती उठली नाही, आजही तिथंच आहे; पुढं बदलीनं अमरावतीला आले ती मीच.

पण त्या कळशीपासून साहेबांना एक खोड लागली ती कायमची. पाणी पुढं आलं की आधी वास घ्यायचा. लग्नाच्या पंगतीत, चिखलदऱ्याच्या सहलीत, व्याह्यांच्या घरीसुद्धा. व्याही त्यावरून रुसून बसले होते एकदा. साहेब, गंगाजलाचाही वास घ्याल तुम्ही, असं मी चिडवलं की खुशाल मान डोलवायचे... फार गोड माणूस होता हो.

तेरवीला मी अकोल्याला गेले. वहिनींनी पितळेचा गडू भरून पुढं केला. मी तो नाकाशी नेला... माझं मलाच कळलं नाही. वहिनी पाहत होत्या. म्हणाल्या, "वास नका घेऊ, बाई. तुमच्याच विहिरीचं हाय. दारात नळ आला, तरी त्याइले दुसरं चालेच ना. पोरगा रोज सायकलवर आने."

मी ते पाणी प्याले आणि रिकामा गडू धरून खूप रडले. वहिनींनी तो हळूच माझ्या हातातून घेतला, पुन्हा भरला आणि साहेबांच्या खाटेजवळच्या तिवईवर, त्याच्या नेहमीच्या जागी, झाकून ठेवला.