वाघाचं चौथं पान

सगळा दोष मोठेबाबाचा, हे आधीच सांगून टाकतो. मोठेबाबा म्हणजे माझ्या बापाचा थोरला भाऊ. तुम्ही म्हणाल, घोळ घातला तू आणि नाव घेतोस म्हाताऱ्याचं? अरे, ऐका तर आधी!

बेचाळीसचा पावसाळा नुकताच सरला होता. धरपकड चालू होती. हाताने लिहिलेलं पत्रक घरात सापडलं की बाप-लेक दोघेही आत, अशी कुजबुज वाशीमपासून आमच्या केनवडच्या बाजारापर्यंत. मोठेबाबा गांधीटोपी घालून ओट्यावर स्वराज्याच्या गोष्टी करायचा. शिपाई दिसला की टोपी काखेत! आणि हा माणूस, मी शाळा सोडली म्हणून, रोज मला नामर्द म्हणायचा.

मला मालेगावच्या कापसाच्या जिनात चौकीदारी मिळायची होती. अट एकच. पोलीस ठाण्याच्या करीमखाँ जमादाराने ‘पोरगा भरवशाचा आहे’ एवढं लिहून द्यायचं. ते मिळालं की मी या घरातून सुटलो.

त्या सकाळी म्हशी घेऊन नाल्यावर गेलो, तर आंब्याखाली चार कागद पडलेले. जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेले. नाव नाही, गाव नाही. वाचतो तर काय, गोष्ट!

लिहिणारा कच्चाच होता. म्हातारी एका ओळीत गिरजा, दुसऱ्या ओळीत गंगा. पण गोष्ट? बाप रे! एक वाघ रोज सांजेला त्या म्हातारीच्या अंगणात येऊन बसतो. ती त्याला सुनेची गाऱ्हाणी सांगते, तो ऐकतो. एक दिवस येतच नाही. म्हातारी कंदील घेऊन डोंगरात शिरते, मागे कोणाचे तरी पाय वाजतात... तिसरं पान संपलं! भर उन्हात माझ्या अंगावर काटा. चौथं पान मी मुद्दाम राखून ठेवलं. जेवून निवांत वाचू म्हटलं.

घरी ती तीन पानं पुन्हा काढून बसलो, तोच मोठेबाबा टपकला.

“काय वाचून राह्यला बे? गोष्टी? शाळा सोडली अन् आता गोष्टी वाचते!”

सरळ ‘हो’ म्हणायचं की नाही? पण माझं डोकं फिरलं. म्हटलं, आज या टोपीतली हवा काढायचीच.

“गोष्ट नाही, मोठेबाबा. पत्रक आहे. वाघ म्हंजे सरकार, म्हातारी म्हंजे देश. कंदील म्हंजे... आता समजून घ्या तुमीच.”

टोपी खाली आली.

“बाप्पा! कोनं देलं तुले?”

“नाव सांगता येत नाही.”

झालं! घटकाभरात चार म्हातारे घरात. एक म्हणाला, कंदील म्हंजे बॉम! दुसऱ्याला वाघाच्या शेपटीत रेल्वेचे रूळ दिसले. माझा बाप म्हणाला, “इचारलंच कोनं तं सांगू, हा पोरगा आमचा नाहीच!” आईने तिन्ही पानं चुलीत घातली.

आणि खरं सांगू? सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं! कागद नेमके माझ्याच वाटेवर काहून? ठेवणारा झाडामागून पाहत तर नसेल? चौथं पान अजून अंगातल्या बंडीच्या खिशात होतं. छाती अशी धडधडत होती की कागद वाजेल असं वाटलं.

तेवढ्यात दारात सायकलची घंटी. करीमखाँ जमादार!

त्याने तोंड उघडायच्या आधीच मोठेबाबा ओरडला, “साहेब, आमी गरीब मानसं! जे केलं ते यानं! पाहा याच्या बंडीत!”

मी काय करावं? पान काढलं आणि तोंडात कोंबलं! कोरडा कागद गिळलाय कधी? नका गिळू. डोळे बाहेर आले, श्वास अडकला. चारही म्हातारे टकमक पाहत होते; पाणी एकानेही दिलं नाही.

जमादाराने मला दंडाला धरून गोठ्यामागे नेलं. आता बेड्या, मग नागपूरचा तुरुंग, मग फाशी! त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं,

“बापू, काल आंब्याखाली टेकलो होतो मी. माहे चार कागद पडले तिथं. जांभळी पेन्सिल. गोष्ट होती... मीच लिवली. तुले भेटले काय?”

मी नुसतं तोंड उघडलं. जीभ जांभळीगार. “तीन आईनं जाळले, चौथा पोटात,” मी म्हटलं.

“शेवट खाल्ला तू?” जमादार मटकन खाली बसला. “सारं वर्स गेलं माहं त्या शेवटात!”

“जमादारसाहेब, लय भारी होती! म्हातारीचं काय झालं मंग?”

“आता कायले सांगू तुले?” त्याने डोळे पुसले. “अन् तुले भरवशाचा कसा लिहू? मले पाहून तू कागद गिळला, साऱ्यायनं पाह्यलं. गोष्ट माही होती म्हनून सांगू, तं ठान्यात हसतीन. नाही सांगत, तं तू पत्रकवाला.”

मला त्याने पकडलं नाही. चहासुद्धा न घेता सायकल काढून निघून गेला.

जिनाची चौकीदारी मोठेबाबाच्या लेकाला मिळाली.