कपाटातला हुंकार

माळेचा एकाहत्तरावा मणी बोटाखाली आहे. एवढं पक्कं आठवतं, कारण त्याच्या पुढचे मणी मऊ व्हायला लागतात. दुपारचे अडीच वाजलेत. मंगळवार आहे. व्रताच्या दिवशी दिवसा डोळा लागू द्यायचा नसतो, म्हणून मी भिंतीला पाठ टेकत नाही. देवघराच्या खोलीत, भिंतीतल्या मोठ्या कपाटासमोर, पाटावर ताठ बसते. गल्लीतले यंत्रमाग चालू आहेत. इचलकरंजीत ज्याचा जन्म गेला त्याला मागांचा आवाज ऐकू येत नाही. ते थांबले की मात्र दचकायला होतं. खटक खट, खटक खट. बाहत्तर म्हणायला जाते आणि बाहत्तर सापडत नाही.

"आक्का, किती वेळ ग? ये की आत."

आवाज कपाटातून येतो. पद्मीचा आहे.

पद्मी माझी धाकटी बहीण. तिला जाऊन चौदा महिने झाले. हे मला त्या क्षणीही माहीत आहे, पण बाहेर ऊन आहे हे घरात बसून माहीत असावं तसं. त्याचं काही करावं असं वाटत नाही. मी उठते आणि कपाट उघडते.

आत दोन्ही बाजूंना साड्या लटकताहेत, मध्ये दोन पाट, आणि उपड्या घातलेल्या स्टीलच्या डब्यावर माइक. अगदी आम्ही मांडायचो तसं. पद्मी शाळेत शिकवायची, लग्न केलं नव्हतं, आमच्याकडेच राहायची. सिनेमांवर बोलायचा तिचा पॉडकास्ट होता, 'मध्यंतर' नावाचा. मागांचा आवाज घरभर शिरतो, पण कपाटात दार लावून बसलं की साड्या तो पिऊन टाकतात, हे तिनंच शोधून काढलं. माइकच्या तोंडावर काळा स्पंजचा गोळा असायचा, त्याला ती टोपडं म्हणायची. "घाल ग बाळाला टोपडं," म्हणाली की मी ते चढवायचे आणि आम्ही सुरू करायचो.

आम्ही म्हणजे ती. सिनेमाची गोष्ट ती सांगायची, लेखकानं कुठं गाठ मारली आणि कुठं सोडायला विसरला ते ती उलगडायची. माझं काम फक्त "हं" म्हणायचं. गोष्ट सांगणाऱ्याला समोरून हुंकार लागतो, नाहीतर तो भिंतीशी बोलायला लागतो. मी मुळात हळू बोलणारी, चारचौघांत तोंड न उघडणारी. पण लातूरच्या एका बाईनं लिहिलं होतं, 'तुमच्या आक्कांना कुठला सिनेमा आवडला नाही ते त्यांच्या हं वरून आता आम्हाला कळतं.' पद्मीनं ते वाचून दाखवलं तेव्हा मी पदरात तोंड लपवलं होतं.

"बस. पदर आवर, माइकला घासतोय."

मी बसते. तिच्या डोक्यावर केस आहेत. उसने आणल्यासारखे ती ते सारखे चाचपते.

"अंगानं भरलीस ग," मी म्हणते.

"भरेन नाहीतर काय. तिथं तुझ्यासारखं एकवेळचं जेवण नाही कुणाचं."

मला हसू येतं. हसताना आठवतं की मला काहीतरी विचारायचंय, आणि ते विचारेपर्यंत दुसरं काही करायचं नाहीये.

"पद्मी, बरी झालीस का?"

"थांब, रेकॉर्डिंग चालू आहे. तू हं म्हण, मग सांगते."

मी ओठ मिटते.

इथं नवसाबद्दल सांगायला हवं. पद्मीचा कॅन्सरचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मी चौंडेश्वरीच्या देवळात गेले आणि बोलले, पद्मी बरी होईपर्यंत सिनेमा बघणार नाही, सिनेमाचं ऐकणार नाही, बोलणार नाही. माझ्याकडं सोडण्यासारखं दुसरं उरलंच नव्हतं. गोड सोडलं होतं, रात्रीचं जेवण सोडलं होतं, पूजा होईपर्यंत सकाळी मौन धरत होते. आवडतं असं हे एकच शिल्लक होतं. घरी येऊन तिला सांगितलं. ती नुसतं "बरं" म्हणाली. पुढं सात महिने ती एकटी कपाटात बसून बोलत राहिली, आणि मी बाहेर या पाटावर तिच्यासाठी माळ ओढत राहिले, कानावर शब्द पडू नयेत म्हणून जप जरा मोठ्यानं म्हणत. ती बरी झाली नाही. त्यामुळं नवस फिटला नाही. आता तो कधी फिटणार, हे मला कुणी सांगू शकत नाही. 'बरी होईपर्यंत' हे शब्द माझेच आहेत.

"नमस्कार मंडळी," पद्मी माइकला म्हणते, "मध्यंतरमध्ये स्वागत. आज तो सिनेमा, जो आम्ही दोघींनी अर्धाच बघितलाय."

साड्या बाजूला होतात. आम्ही टॉकीजमध्ये बायकांच्या बाजूच्या बाकावर आहोत. पायाखाली शेंगांची टरफलं. पुढच्या बाईच्या कडेवरचं मूल माझ्याकडं बघतंय. पडद्यावर एक बाई दोन पानं वाढते. नवरा परत येईल म्हणून ती रोज दोन पानं वाढते, आणि रोज एक उचलून ठेवते. मग दारावर थाप पडते, बाई मान वळवते आणि दिवे लागतात. मध्यंतर. इथंच, आम्ही लहान असताना, आमचे वडील अप्पा आम्हाला शोधत आले होते, न सांगता सिनेमाला गेलो म्हणून दोघींना दंडाला धरून बाहेर काढलं होतं. दारात कोण होतं ते आम्हाला कधी कळलं नाही. दुसऱ्या अर्ध्या भागावर एकत्र बोलू, असं पद्मीनं पॉडकास्टमध्ये सांगून ठेवलं होतं. मग रिपोर्ट आला.

"अप्पा येतील," मी म्हणते.

"येत नाहीत. तिकडं झोपलेत. बघ आता पुढचं."

दिवे जातात. पडद्यावर आमचं घर आहे. हीच खोली. एक बाई बंद कपाटासमोर माळ घेऊन बसलीय. कपाटाच्या आतून कुणीतरी दार वाजवतंय, हळू, दोन बोटांनी. बाई डोळे मिटते आणि जप मोठा करते.

"आता बघा मंडळी," पद्मीचा आवाज मास्तरणीचा होतो, "इथं लेखक चुकलाय. ही थोरली. पहिल्या भागात धाकटीला कॉलेजला जाता यावं म्हणून ती स्वतः मागावरच्या सुताच्या कांड्या भरते, दोन वर्षं नवी साडी घेत नाही. बरोबर? आणि दुसऱ्या भागात धाकटी आजारी पडते तर ही बाहेर जाऊन बसते. का? प्रेक्षकाला काही कारण दिसायला नको?"

"कारण आहे की. नवस आहे."

"नवस पडद्यावर दिसत नाही, आक्का. दार बंद आहे एवढंच दिसतं."

"तुझ्यासाठीच केला ना ग."

"मला विचारलंस?"

"नवस काय विचारून करतात होय?"

"बरं, देवीनं तरी मागितलं होतं? ती साडी मागते, नारळ मागते. सिनेमा घेऊन काय करणार ती? का तिला माझा पॉडकास्ट आवडत नव्हता?"

पुढची बाई वळून "शूऽऽ" करते. पद्मी तोंडावर हात धरून हसते. मला हसता येत नाही.

"आवडतं तेच सोडायचं असतं," मी म्हणते. "माझ्यापाशी दुसरं काय शिल्लक होतं?"

"मी होते की."

टॉकीजचे बाक आता दवाखान्याचे आहेत. एकाला एक जोडलेल्या लोखंडी खुर्च्यांची रांग, आणि पडद्यावर लाल आकडे बदलताहेत. आमचा आकडा कुठला ते मला आठवत नाही. पद्मी आडवी झालीय. एका हाताला सुई, दुसऱ्या हातात माइक, आणि अंगावर साडी पांघरलेली, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. ती कुजबुजत गोष्ट सांगतेय. एक वाक्य सांगते आणि थांबते. माझ्याकडं बघते. मग पुढचं सांगते आणि पुन्हा थांबते.

त्या थांबण्याबद्दल मला माहीत आहे. देवळात भेटलेल्या एका बाईनं सांगितलं होतं, "ताई, शेवटच्या सहा भागांत पद्माताई मध्येमध्ये गप्पच व्हायच्या. आम्हाला वाटायचं नेट गेलं." मी प्रदक्षिणा अर्धी टाकून घरी आले होते. ते भाग मी ऐकलेले नाहीत. ऐकायचं नाही, असं बोलले होते ना.

"ही तुझी जागा," पद्मी म्हणते. "सगळीकडं ठेवलीय. प्रत्येक वेळी वाटायचं, आता ही कंटाळून म्हणेल. बाहेरून का होईना."

"मी म्हटलं असतं तर नवस मोडला असता."

"मग काय झालं असतं?"

"गप बस. तसलं बोलू नये."

"मेले असते?"

"पद्मे!"

मी तिच्या तोंडावर हात ठेवते. तिचं तोंड गरम आहे. तिला ताप आहे असं वाटून मी इकडंतिकडं नर्स शोधते, पण रांगेत आम्ही दोघीच आहोत, आणि लांब कुठंतरी माग चालू आहेत.

"हे बघ," मी हात काढून घेत म्हणते, "तू एकदा बरी झाले म्हण. तोंडानं नुसतं म्हण. नवस फिटेल. मग पाहिजे तेवढे हं देते. दिवसभर देते. जप सोडून देते."

"आधी हं."

"आधी बरी हो."

"लहानपणी पण अशीच होतीस. आधी तू चिंच दे म्हणायचीस, मग बोर देते. शेवटी चिंच पण सुकायची आणि बोर पण."

ती उठून बसते. आम्ही परत कपाटात आहोत. साड्या इतक्या जवळ आल्यात की तिचा एकच गाल दिसतो. माइक तिच्या आणि माझ्या तोंडाच्या मध्ये आहे.

"मी बघितला तो सिनेमा," ती हळू म्हणते. "पुढचा अर्धा. रात्री झोप लागायची नाही तेव्हा फोनवर बघितला. तुला सांगायचा राहिला. सांगू?"

मी जप सुरू करत नाही, ऐकते.

"दारावर थाप पडते. बाई हातातली पळी खाली ठेवते."

ती थांबते.

"दाराशी जाते. तिला वाटतं, इतकी वर्षं वाट बघितली, आता उघडलं आणि दुसरंच कुणी असलं तर? म्हणून ती उभीच राहते. बाहेरचा माणूस पण उभा आहे."

ती थांबते. डोक्यावरचे केस नीट करायला जाते आणि ते तिच्या हातात येतात. ती ते माझ्यापासून लपवते, पदराखाली, शाळेतल्या मुलीनं कागद लपवावा तसे.

"मग ती कडीला हात घालते," पद्मी म्हणते आणि थांबते. या वेळी ती पुढं जात नाही. माझ्याकडं बघत राहते. तिचं थांबणं लांबत जातं आणि मला कळतं की ती आता श्वासही घेत नाहीये. माझ्यासाठी तोही थांबवून ठेवलाय.

"हं," मी म्हणते.

माग थांबतात.

एकदम सगळे. मी दचकून डोळे उघडते. समोर कपाट आहे, बंद. पंखा हळू होत होत थांबतोय. उजव्या हातातून माळ मांडीवर घसरलीय.

बाहेरच्या खोलीतून आमचे हे म्हणतात, "लाइट गेली बघ." मग जरा वेळानं, "कुणाला हं म्हणालीस?"

"म्हणाले का मी?"

"म्हणालीस की. मोठ्यानं. मला वाटलं पद्मीचं रेकॉर्डिंग..." आणि ते तिथंच थांबतात. वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज येतो.

म्हणजे नवस मोडला. मी बसल्या जागी वाट बघते. ज्या गोष्टीला भिऊन सात महिने तोंड मिटून घेतलं, ती आता होईल म्हणून वाट बघते. काही होत नाही. ते संकट जिच्यावर यायचं, ती पद्मीच घरात नाही. देवीपुढचा दिवा शांत जळतोय. मी तिला काही विचारत नाही, आणि पहिल्यांदाच तिला नमस्कार न करता उठते.

ते सहा भाग ऐकायला आता मला कशाची आडकाठी नाही. फोन समोरच आहे. पण मला ठाऊक आहे काय होईल. ती थांबेल, मी हं म्हणेन, आणि ती माझं हं न ऐकताच पुढं जाईल. आधी ती माझ्यासाठी थांबायची. आता नुसती थांबते.

उठताना कळतं की डावी मूठ मिटलेली आहे. बोटं उघडते तर आत माइकचं टोपडं आहे. तेराव्याला मीच ते काढून कपाटात ठेवलं होतं, कपाटाला कुलूप लावलं होतं, आणि किल्ली देव्हाऱ्यात देवीच्या पाठीमागं आहे. बघते तर तिथंच आहे, तिच्यावर कुंकवाचा थर तसाच. टोपडं दमट आहे. माझ्या तळव्याचा घाम असेल, असं म्हणून मी ते उलटं करते. तळव्याची बाजू कोरडी आहे. जिथं तोंड लागतं तेवढंच ओलं आहे, आणि किंचित ऊन.

मी ते गालाला लावून बसते. पाच वाजता लाइट येते, माग सुरू होतात. तोवर ते वाळलेलं असतं.