पोपटशेठची घोडी आणि उरलेली गोळी

ज्यांच्यामुळे मी इथवर आलो त्यांचं नाव आधी सांगतो. शालन जगताप बाई. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी त्या विज्ञान शिकवायच्या. शाळेत प्रयोगशाळा नव्हती, म्हणून बाईंनी घरचं शिलाई मशीन वर्गात आणलं आणि मला म्हणाल्या, "खोल." मी सातवीत होतो. त्यांचा नियम एकच. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, काढलेला प्रत्येक भाग ओळीनं ठेवायचा आणि जोडताना काहीही उरता कामा नये. एक वॉशर उरला तरी बाई आवाज न चढवता म्हणायच्या, "पुन्हा उघड."

हे आधी सांगितलं, कारण त्या शनिवारी सकाळी अकरा वाजता महाळुंग्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये माझ्या तळहातावर हरभऱ्याएवढी एक पोलादी गोळी होती. आणि ती उरलेली होती.

गाडी चऱ्होलीच्या पोपटशेठची. जुनं शेतकरी घराणं. निम्म्या रानात आता सोसायट्या उभ्या राहिल्यात, पण बैलगाडा शर्यतीचा नाद गेलेला नाही. शर्यतीत बैलांच्या पुढे एक घोडी पळते, तिला बघून बैल झेपावतात. तशी एक पांढरी घोडी पोपटशेठकडे आहे. नाव चांदणी. तिला ट्रेलरमध्ये उभी करायची, ट्रेलर आपल्या ऑटोमॅटिक एसयूव्हीला जोडायचा आणि जत्रेला निघायचं, हा त्यांचा शिरस्ता.

मागच्या वर्षी नेमक्या सासुरवाडीच्या जत्रेत घोटाळा झाला. शर्यतीच्या माळावर जायच्या चढावर इंजिन नुसतं ओरडत राहिलं आणि गाडी ट्रेलरसकट मागे सरकायला लागली. मेव्हण्यानं चाकाखाली दगड लावला, तेव्हा कुठे घोडी उतरवता आली.

"वरीस झालं, पण मेव्हणा अजून फोन उचलला की इचारतो, दगड लावू का?" पोपटशेठ सांगायचे. तेव्हाही त्यांचे कान लाल व्हायचे.

आता सासुरवाडीची जत्रा रविवारवर आली होती. शोरूमवाले म्हणाले, अख्खा गिअरबॉक्स बदला, नवा यायला दीड महिना लागेल. म्हणून गाडी आमच्याकडे आली.

वर्कशॉपचे मालक सुलेमानभाई. आयुष्यभर फिटर, हाताला डोळे असलेला माणूस. मी म्हणालो, "भाई, आपण उघडू. नुसता दुरुस्त नको, तगडा करू."

"ऑटोमॅटिक एकट्यानं कधी उघडलायस?"

"नाही."

"मग?"

"कधीतरी पहिला उघडावाच लागणार ना."

भाईंनी माझ्याकडे बघितलं. "ठीक आहे. पण मेव्हण्याला तोंड तू द्यायचंस."

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. कॉलेजात पहिलं वर्ष इंग्रजी पुस्तकाशेजारी डिक्शनरी ठेवून काढलं. इंजिनियर झाल्यावर कपडे मळत नाहीत अशी आईची समजूत होती, ती मी पहिल्याच आठवड्यात मोडली. तरी असं काम पूर्णपणे माझ्या हाती पहिल्यांदाच येत होतं. मला इतका आनंद झाला की डबा खायचा राहिला.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. साध्या गाडीत क्लच पायानं दाबतो. इथं पाय नाही, तेल आहे. आत भाकरींच्या चवडीसारख्या गोल प्लेटा एकावर एक रचलेल्या असतात. तेलानं त्या दाबल्या की एकमेकींना धरतात आणि गिअर पडतो. कुठल्या चवडीला तेल कधी द्यायचं, हे ठरवणारा भाग म्हणजे व्हाल्व्ह बॉडी. अॅल्युमिनियमचा ठोकळा आणि त्यात तेलाच्या अरुंद गल्ल्या. त्या गल्ल्यांत पोलादी गोळ्या असतात. तेल एका बाजूनं आलं की गोळी वाट सोडते, दुसऱ्या बाजूनं आलं की वाट बंद करते.

पोपटशेठच्या गाडीतल्या प्लेटा जळून काळ्या पडल्या होत्या. मी चांगल्या प्रतीच्या नव्या प्लेटा घातल्या, त्याही जास्त संख्येनं. तेल थंड करणारा कूलर मोठा बसवला. व्हाल्व्ह बॉडीसाठी एक अपग्रेड किट मागवलं होतं, त्यात नव्या स्प्रिंगा आणि इंग्रजी सूचनांचा घडीचा कागद. जुन्या गोळ्या स्टीलच्या वाटीत रॉकेलमध्ये टाकल्या आणि कागदावरच्या चित्रात जिथं गोळी दिसली तिथं एकेक ठेवत गेलो. चित्र बरोबर, जागा बरोबर. फक्त गोळ्या मोजायच्या राहिल्या.

शनिवारी सकाळी पहिली ट्रायल. निघोज्याच्या रस्त्यावर पोपटशेठ शेजारी आणि मी स्टिअरिंगवर. पहिला, दुसरा, तिसरा. गिअर असा टक्कन पडायचा की पाठ सीटला टेकायची.

"ही माझीच गाडी हाय ना?" पोपटशेठ ओरडले. "का बदललीस रं?"

परत आलो ते दोघेही हसत. पोपटशेठनी सगळ्यांना चहा सांगितला. मी गुणगुणत रॉकेलची भांडी धुवायला घेतली. वाटी उपडी केली, गाळ सांडला आणि फरशीवर आवाज आला. टिंग.

"काय झालं इंजिनियर? त्वांड का पडलं?"

"शेठ, एक गोळी उरली."

"मंग? आमच्या ट्रॅक्टरला दर बारीला दोन नट उरत्यात. चालतोय की."

"नाही शेठ. पुन्हा उघडावं लागेल."

"आत्ता तर वाघावानी पळाली!"

पळाली होती हे खरं. पण माझ्या कानात बाई बोलत होत्या. सुलेमानभाई सील आणायला भोसरीला गेले होते. मी गाडी लिफ्टवर घेतली, लाल तेल काढलं, खालचं पॅन उघडलं, व्हाल्व्ह बॉडी उतरवली, वर्तमानपत्र पसरलं. आणि खरंच एक रिकामी खाच सापडली. गोळी टाकली, अगदी बरोबर बसली. इतकं हायसं वाटलं की काय सांगू. बाई समोर असत्या तर पाया पडलो असतो.

पोपटशेठ म्हणाले, आता ट्रायल ट्रेलर लावूनच, आणि ट्रेलरमध्ये चांदणी. घोडी सकाळपासून आमच्या दारातल्या लिंबाला बांधलेलीच होती. "उद्या बसायचं तिला हाय. तिला पटलं पायजे."

निघोज्याच्या रस्त्याला एक चढ आहे. दुसऱ्यातून तिसरा पडायची वेळ आली आणि गाडीनं जणू जांभई दिली. इंजिन ओरडलं, वेग मेला, मग कधीतरी सावकाश गिअर पडला. ट्रेलरमधून धाडकन आवाज आला. चांदणीनं लाथ मारली होती.

पोपटशेठनी मागं वळून ट्रेलरकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "सासुरवाडीच्या चढावरलीच गाडी झाली की ही पुन्हा."

गाडी तशीच परत आणली. सुलेमानभाई भोसरीहून आले होते, त्यांना चढावरचं सगळं सांगितलं.

"सकाळी कशी होती?"

"एक नंबर."

"आणि मग तू काय केलंस?"

"उरलेली गोळी बसवली."

"कागद दे."

भाईंनी चष्मा लावला. कागदाची शेवटची घडी मी उघडलीच नव्हती. तिथं मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती. भाईंनी बोट ठेवलं. तीन नंबरची मूळ गोळी काढून टाकावी, पुन्हा बसवू नये.

भाई हसायला लागले. हसत हसत टायरवर बसले. चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा ओळ वाचली आणि पुन्हा हसले.

"अरे भावा, ही गोळी मोठी वाट बंद करते. मग तेल बारीक भोकातून जातं, प्लेटा हळूहळू दाबल्या जातात. कंपनीनं ती घातली मागं बसलेल्या साहेबाचा चहा सांडू नये म्हणून. आपल्याला साहेब न्यायचाय का घोडी?"

"घोडी," मी म्हणालो.

"मग काढ."

पोपटशेठ कमरेवर हात ठेवून उभे. "सारखं उघडायचं अन् झाकायचं. गिअरबॉक्स हाय का पानाचा डबा?"

तिसऱ्यांदा तेल काढलं. तिसऱ्यांदा वर्तमानपत्र पसरलं. प्लेटा तपासल्या, अजून काही बिघडलं नव्हतं. गोळी काढून खिशात टाकली.

चार वाजता पुन्हा तोच चढ. मी स्टिअरिंगवर, भाई शेजारी, पोपटशेठ मागच्या काचेला नाक लावून घोडीकडे बघत. दुसरा. टक्. तिसरा. गाडी ट्रेलर ओढत सरळ वर.

"मान बी हलवली न्हाई!" पोपटशेठ ओरडले. "गवत खातीया! पास! पास केलं तिनं!"

आम्ही तो चढ चार वेळा चढलो. गरज एकदाचीच होती. चौथ्या फेरीला एका कंपनीच्या गेटवरच्या वॉचमननं विचारलं, "वरात कुणाची आहे?" तिघेही असे हसलो की मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

रविवारी दुपारी फोन आला. मागे हलगी वाजत होती.

"चढली! इंजिनियर, चढली!"

"शेठ, शर्यतीचं काय झालं?"

"दुसरा नंबर. त्ये ऱ्हाऊ द्या. मेव्हणा दगड घिऊन मागं उभा व्हता! चाकाखाली लावायला! गाडी वर गेली अन् ह्यो तसाच, हातात दगड! निम्मी जत्रा त्याच्याकडं बघत व्हती!"

सोमवारी गाडी आली ती भंडाऱ्यानं पिवळी होऊन. पोपटशेठनी हार आणला होता. गिअरबॉक्स गाडीच्या पोटाखाली असतो, त्याला हार घालायला वाकणार कोण? शेवटी गिअरच्या दांड्याला घातला.

आमच्या भिंतीवर आता एक पाटी आहे. 'उघडण्याआधी कागद शेवटपर्यंत वाचा.' त्याखाली भाईंनी मार्करनं लिहिलंय, 'बारीक अक्षरातलं आधी.' मला यातून मिळालेली शिकवण एवढीच.

त्या संध्याकाळी मी पत्र लिहिलं. बाई मोबाइल वापरतात, पण त्यांना पत्र आवडतं.

ती. बाईंना सा. न.

मी खुशाल आहे. मी एकट्यानं माझा पहिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून जोडला. गाडीनं घोडीसकट ट्रेलर चढावर ओढून नेला. हे मी गावात कुणाला सांगितलं तर त्यांना फक्त घोडी कळेल. तुम्हाला सगळं कळेल, म्हणून लिहितो.

बाई, काम झाल्यावर एक गोळी उरली. ती या कागदाला चिकटपट्टीनं लावली आहे. ती उरायचीच होती, असं कागदावर लिहिलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं. तुमचा नियम मला पाठ होता, म्हणून एक चांगली जोडलेली गाडी मी बिघडवली आणि पुन्हा नीट केली. पण नियम पाठ नसता, तर ती नीट जोडताच आली नसती.

शिलाई मशीनच्या डब्यात ही ठेवा. कशातही बसवू नका.

तुम्ही हे वाचून म्हणाल, पुन्हा उघड. उघडलं होतं, बाई. तीनदा.

तुमचा विद्यार्थी,
नामदेव